चाकाखालची लिंबं
लिंबू चिरलं की मला माझी लाल स्पोर्ट्स कार आठवते. डोलवीच्या कारखान्यात वीस वर्षं शिफ्ट करून घेतलेली, जुनीच, पण कॉलेजपासून स्वप्नात येणारी! पेणला घरासमोर पूजा झाली. आईने चारही चाकांखाली लिंबं ठेवली आणि रोह्याच्या मावशीकडे जायला नव्या लुगड्यात ऐटीत शेजारी बसली. मी चावी फिरवली. गाडी ढिम्म. पुन्हा फिरवली, तरी ढिम्म. मी रडवेला झालो. “लिंबं फुटल्याबिगर मी उतरायची नाय,” आई म्हणाली. मग अख्ख्या आळीने धक्का मारला, लिंबं फटाफट फुटली, आंबट वास सुटला आणि काय त्या शिट्ट्या! गाडी कोपऱ्यापर्यंत गेली, तेवढीच. पुढेही ती रोह्याला कधी पोचली नाही, शेवटी विकली. पण आज सरबत करतानाही त्या संध्याकाळी फोनवर मावशीला सांगणारी आई मला ऐकू येते, “पोराच्या गाडीत बसले गो, अख्खी आळी मागं होती!”