छत धरणारी माती

आमच्या बाबांनी तीस वर्षं जमिनीखाली कोळसा काढला. निवृत्त झाल्यावर चंद्रपूरकडचं क्वार्टर सोडून पोंभुर्ण्याला घर बांधलं, व्हरांड्यात खुर्ची टाकली आणि गप्प बसले. खाणीतला एकही किस्सा कधी सांगितला नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते, तोंडानं फटकळ. गप्प माणूस मला सहन होत नाही. आम्हा बापलेकीचं बोलणं भाजी आणि गोळ्यांपुरतंच उरलं होतं.

कंपाउंडच्या भिंतीसाठी नाली खोदताना टिकासाच्या एका घावात जमिनीतलं भोक फुटलं आणि तळहाताएवढा केसाळ कोळी बाहेर आला. टॅरँटुला. मजुरांनी पायातल्या चपला हातात घेतल्या. मी मध्ये पडले, बरणीत त्याला उचललं आणि हा आता आपल्या घरी राहणार, असं जाहीर केलं. आईनं कपाळावर हात मारून घेतला.

शाळेतला जुना फिश टँक आणून मी सजवला. तळाला दोन बोटं वाळू, प्लॅस्टिकचं झाड, मधोमध नदीतला मोठा गुळगुळीत दगड. फोटो काढावा असं झालं होतं. कोळी मात्र चार दिवस काचेवर चढायचा, पडायचा, पुन्हा चढायचा. टाकलेल्या झुरळाकडे त्यानं बघितलंही नाही. पाचव्या दिवशी बाबा खुर्चीवरून उठले.

“हे घर होय? हे तं शोकेस हाये,” ते म्हणाले. “तिले खाली जाचं हाये अन् तू वर सजावट करून राह्यली.”

“ती कशावरून?”

“घरासाठी इतकी धडपड बाईच करते.”

मग त्यांनी टँक रिकामा केला. नालीतली माती आणली, पण वरची नाही, कमरेइतक्या खोलीवरची. मूठभर ओलसर माती दाबून गोळा केला, त्यात बोट खुपसलं आणि बाहेर काढलं. पहिला गोळा ढासळला. थोडी काळी माती मिसळली, पुन्हा गोळा, पुन्हा बोट. या वेळी भोक तसंच राहिलं. “हे माती छत धरते,” ते म्हणाले. तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या बापाचं काम मी डोळ्यांनी पाहत होते.

थरावर थर दाबत त्यांनी टँक जवळजवळ भरून टाकला. वर चार बोटं जागा सोडली, म्हणजे पडली तरी पोट फुटणार नाही. उलथण्याच्या दांड्यानं काचेला लागून तिरपं भोक पाडून दिलं. त्याला ते इन्क्लाइन म्हणाले, खाणीत उतरायच्या तिरप्या वाटेचा शब्द. एका कोपऱ्यात पाणी शिंपडलं, बाटलीच्या झाकणात प्यायला पाणी ठेवलं, तिला आत सोडलं, वर जाळी आणि जाळीवर वीट. मी हौसेनं माझा दगड मातीवर ठेवायला गेले तर बाबा अंगावर आले.

“ज्याच्या खाली कोणी राह्यते, त्याच्यावर वजन ठेवाचं नाई. समजलं?”

दगड तुळशीपाशी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी टँकमध्ये कोळी नव्हता, भोकाच्या तोंडाशी मातीच्या बारीक गोळ्यांचा ढीग होता. बाबा इतके खूश झाले की आईला हाक मारून दाखवलं. ते तिला बाई म्हणू लागले. संध्याकाळी ती तोंडाशी येऊन बसली की “बाई शिफ्टवर आली” आणि नाही आली की “बाईची सुट्टी”. ते दिवस आमच्या घरातले सगळ्यात बोलके दिवस होते.

धान कापणीच्या सुमारास एका सकाळी भोक बंद दिसलं. आतून माती लावलेली. बाबांचा चेहरा पांढरा पडला. “छत बसलं, बाई दबली,” म्हणाले आणि स्वयंपाकघरातून चमचा घेऊन आले.

मी वाचलं होतं की कात टाकायच्या आधी हे कोळी दार लावून घेतात. नवी कातडी इतकी मऊ असते की तेव्हा उकरलं तर जीव जातो. मी त्यांचा हात धरला. “थांबा बाबा.”

 ते खाली बसून, चमचा मांडीवर ठेवून बोलले.

“तवा बी साहेब असाच म्हणला. थांबा, आधी टेकू लागू द्या. माहा जोडीदार दगडाखाली होता. आतून ठोकून राह्यला होता. आम्ही थांबलो. मंग ठोकणं बंद झालं.”

 मी म्हटलं, “ही खाण नाही बाबा, काचेची पेटी आहे.” आणि शाळेची वेळ झाली म्हणून निघून गेले. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

बाबांनी उकरलं नाही. तीन आठवडे त्यांनी खुर्ची टँकपाशी ठेवली, तिथंच जेवले, मधूनमधून काचेला कान लावला. एके दिवशी भोकाचं तोंड उघडलं आणि रिकामी, पायांसकट अख्खी कात बाहेर ढकलली गेली. “मेली,” बाबा म्हणाले. तेवढ्यात कातीमागून काळेभोर, चकचकीत पाय निघाले.

“वर आली!” ते ओरडले. “वर आली वो पोरी!” आणि रडले. माझ्या बापाला मी त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. छातीत कोळशाची धूळ होतीच. बाई आहे. ही जात फार जगते. या वर्षी तिनं पुन्हा दार लावलंय आणि आज अठरावा दिवस आहे. सगळं ठाऊक असूनही हात चमच्याकडे जातो. तेव्हा थांबा म्हणून मी मोकळी झाले होते, त्या तीन आठवड्यांत एकदाही त्यांच्या शेजारी जाऊन बसले नाही. आता त्यांच्या खुर्चीवर बसते, काचेला कान लावते. तेव्हा मी आणायला हवी होती ती दुसरी खुर्ची आता बाजूला आणून ठेवली आहे.