मोघेकाकांचा थ्रॉटल

"ताई, एक काम करा. बाबा आले की त्यांना सांगून टाका, थ्रॉटल मिळून नाही राहिला."

नितीन मोघे हे सांगत होता तेव्हा नवा थ्रॉटल माझ्या हातातच होता. सकाळच्या पार्सलने आलेला. मी तो त्याच्यासमोर धरला आणि विचारलं, "मग हे काय आहे?"

"तेच तर म्हणतोय. ठेवून द्या आत."

मदन महल स्टेशनच्या मागच्या गल्लीत माझं जुन्या मोटरसायकलींचं वर्कशॉप आहे. त्याआधीची सगळी नोकरी गाड्यांच्या कारखान्यात, इन्स्पेक्शनला झाली. आलेला पार्ट तपासायचा, पास करायचा नाहीतर परत पाठवायचा. समोरच्याला बरं वाटावं म्हणून बोलायची सवय मला त्या नोकरीत लागलीच नाही.

नितीनचे वडील, मोघेकाका, रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. ऐंशीच्या घरातले. त्यांची साडेतीनशे सीसीची मोटरसायकल नितीनपेक्षा वयाने मोठी. रोज सकाळी तिच्यावरून ते ग्वारीघाटला जातात, नर्मदेच्या पायऱ्यांवर बसतात, परत येतात. काकू गेल्यापासून दिवसातलं तेवढंच काम ते स्वतःचं म्हणून करत होते. आता थ्रॉटल गेला होता आणि गाडी माझ्याकडे उभी होती.

थ्रॉटल म्हणजे उजव्या मुठीतली फिरणारी नळी. ती पिळली की केबल ओढली जाते, इंजिनला जास्त पेट्रोल मिळतं, गाडी पळते. काकांच्या गाडीतली नळी चिरली होती आणि केबल खाचेतून सटकत होती. तो बदलण्यावाचून इलाज नव्हता.

"नितीन, मी खोटं सांगणार नाही," मी म्हटलं. "तुला भीती कशाची आहे, ते सांग."

"पडतील ना एखाद्या दिवशी. ट्रॅफिक पाहिलंय न तुम्ही? माझं ऐकतच नाहीत. गाडीच बंद राहिली तर आपोआप थांबतील."

त्याची भीती खरी होती. मला रागही आला आणि त्याची दयाही आली. मी त्याला म्हटलं, नवा थ्रॉटल स्प्रिंगने आपोआप मिटणारा आहे. हात सुटला की गाडी लगेच मंदावते, म्हणजे जुन्यापेक्षा सुरक्षितच. कागदावर हे अगदी बरोबर होतं. मी तो बसवला.

ट्रायलला काका पुढे गाडीवर, मागे स्कूटरवर नितीन आणि त्याच्या मागच्या सीटवर मी. ग्वारीघाटच्या रस्त्याला लागेपर्यंत काका एखाद्या पॅसेंजर गाडीसारखे शांत चालले होते. मग उजवीकडे वळायचं आलं. काकांनी उजवा हात मुठीवरून काढला आणि सरळ बाहेर धरला. त्याच क्षणी गाडी धपकन बसली. आमच्या मधे घुसलेला एक ई-रिक्षावाला करकचून ब्रेक मारून काकांच्या मागच्या चाकाजवळ थांबला.

"ओ दादाजी, बीच सड़क पे कौन रुकता है!" तो ओरडला.

नितीनने स्कूटर बाजूला घेतली. तो पांढराफटक पडला होता. "पाहिलं न ताई? यासाठीच म्हणून राहिलो होतो."

काका मात्र माझ्यावर चिडले होते. "सुनंदा, काय लावलंस हे? मी हात दाखवला अन् गाडी बसली. काहून?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काकांच्या गाडीला इंडिकेटर नाहीत. ते वळताना आजही हात दाखवतात, आणि तो हात उजवाच असतो. म्हणून जुन्या थ्रॉटलला खालून एक छोटा स्क्रू असायचा. तो आवळला की मूठ जिथे ठेवाल तिथे राहायची, हात सोडला तरी वेग टिकायचा. त्यात काकांची नोकरी डिझेल इंजिनावर. तिथलं हँडल खाचेत टाकलं की त्याच खाचेत राहतं. आपोआप मिटणारा थ्रॉटल त्यांच्या हाताने जन्मात पाहिला नव्हता. मी गाडी तपासली होती, पार्ट तपासला होता, चालवणाऱ्याचा हात तेवढा तपासायचा राहिला होता.

"इंडिकेटर लावू या," मी म्हटलं.

"लाव न. पण हात जाणारच," काका म्हणाले. "आता हाताला कोण समजावेल?"

हे उत्तर मला आवडलं. निदान प्रामाणिक होतं.

मग माझ्या जुन्या सामानातून स्क्रूवाला थ्रॉटल काढला. पण तोही जसाच्या तसा देणं मला पटेना. स्क्रू पूर्ण आवळला आणि काका पडले, तर गाडी आडवी आणि इंजिन फुल स्पीडवर. म्हणून स्क्रूचं टोक कानशीने घासत गेले. थोडं घासायचं, बसवायचं, मूठ पिळून सोडून बघायचं. शेवटी स्क्रू कितीही आवळला तरी मूठ अडकून राहीना, सावकाश मिटत यायची, जसं आपण भरलेलं पातेलं ओट्यावर टेकवतो. हात दाखवून परत आणेपर्यंत वेग टिकायचा. हात परत आलाच नाही, तर इंजिन मंदावायचं.

दुसऱ्या ट्रायलला त्याच वळणावर काकांनी हात दाखवला, वळले, हात परत मुठीवर. मागे कोणी ओरडलं नाही.

गाडी न्यायला बापलेक दोघं आले. काकांनी मूठ दोनदा पिळून सोडली, मिटताना नीट बघितली. मग नितीनकडे न बघता मला म्हणाले, "तुझ्याकडे यायच्या आधी मी तीन दुकानं फिरलो. तिघंही म्हणाले, मिळत नाही. एकाच्या तर काचेच्या कपाटात लटकून होता."

नितीन खाली बघायला लागला.

"मला समजत होतं रे," काका म्हणाले. "वाईट याचं वाटलं की सगळ्या गावाला सांगितलंस, मला नाही."

"तुम्ही ऐकलं नसतं, बाबा."

"नसतं ऐकलं. भांडलो असतो. चाललं असतं ते."

मग नितीनने रस्त्यातच, माझ्या दुकानासमोर, सगळं सांगितलं. रोज गाडीचा आवाज परत येईपर्यंत तो दारात उभा असतो, ऑफिसला उशीर होतो, हेही सांगितलं. काका भांडले नाहीत. पावसात आणि अंधारात गाडी काढणार नाही, असं त्यांनी स्वतःहून कबूल केलं.

पुढच्या हिवाळ्यात काका दुकानात आले ते पायी. गाडीची चावी त्यांनी टेबलावर ठेवली.

"मान मागे वळून नाही राहिली आता. बाजूने कोण येऊन राहिलं, दिसत नाही. चलो, बस झालं. हिला विकायला गिऱ्हाईक बघ."

"नितीनने सांगितलं का?"

"त्याला अजून माहीतच नाही. आज रात्री सांगतो."

मी चहा मागवला. त्यांनी स्वतःच स्वतःला तपासलं होतं, वाद घालावा असं त्यात काही नव्हतं. पार्ट मिळत नाही म्हणून कोणी गाडी सोडत नाही. तो दुसरं दुकान शोधतो.