गाडीचा खांदा

"रशीदभाई, गाडी थांबलीच नाई," शीतल म्हणाली आणि मोटरसायकल माझ्या गॅरेजसमोर स्टँडवर लावली. तिच्या खाकी शर्टाची डावी बाही कोपरापाशी फाटली होती. हँडल किंचित वाकलं होतं आणि पुढच्या मडगार्डमध्ये चिखल नि धानाची पाती अडकली होती.

"कुठी पडली?"

"नाल्याच्या उतारावर. समोर गाईचा कळप आला. मी ब्रेक दाबला, दाबूनच राह्यली, आन् गाडी आपली चाललीच. मंग बांधीत घातली."

बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं शेत, चारही बाजूंनी बांध घातलेलं. पोळ्याच्या दिवसांत तिथं गुडघाभर चिखल असतो. त्या चिखलानं पोरीला झेललं. कोपर खरचटण्यावर निभावलं.

पंधरा दिवसांत ही गाडी तिसऱ्यांदा माझ्याकडे आली होती आणि तक्रार प्रत्येक वेळी तीच होती. आधीच्या दोन्ही वेळा मी छातीठोकपणे सांगितलं होतं, "झालं काम. आता बिनधास्त पळव." चिमूरला मी तीस वर्षं मोटरसायकली दुरुस्त करतोय. रशीदच्या हातची गाडी परत येत नाही, हे मी स्वतःच गावभर सांगत आलो. दुसऱ्यांनी कौतुक करेपर्यंत थांबायचा माझा स्वभाव नाही. म्हणून त्या दिवशी तिच्या कोपराकडे बघताना मला फार शरम वाटली.

शीतल वनरक्षक आहे. तिच्याकडे एक बीट आहे, म्हणजे जंगलाचा एक तुकडा, त्याची राखण तिनं करायची. घरापासून बीट वीस-बावीस किलोमीटर. रस्ता अर्धा डांबरी, अर्धा मुरमाचा. मोटरसायकल नसेल तर ते काम होऊच शकत नाही. हे बीट मिळावं म्हणून तिनं दोन वर्षं वाट पाहिली होती.

ती बोलत असतानाच तिचा फोन वाजला. रेंजर साहेब होते. ती "हो सर, हो सर" करत राहिली आणि मग फोन माझ्याकडे दिला.

"तुम्ही मेकॅनिक?"

"हो साहेब."

"गाडी दुरुस्त होते की नाही?"

"होते ना साहेब."

"दोनदा झाली म्हणे."

मी वाकलेल्या हँडलाकडे पाहिलं.

"हे बघा," साहेब म्हणाले, "सोमवारी मी ड्यूटी लावतो. गाडी पक्की असेल तर ती बीटवर जाईल. नसेल तर रोपांच्या नर्सरीत बसेल. तिच्या घरी जाऊन वाईट बातमी सांगायची पाळी मला माझ्यावर आणायची नाही."

माणूस चुकीचं बोलत नव्हता, हेच मला जास्त लागलं.

शीतल तोंड फिरवून म्हणाली, "मले पिशव्यात माती भराची नाई भाई. मले माह्या जंगलात जाचं आहे."

तो शनिवार होता.

आता आधीच्या दोन वेळी मी काय केलं ते सांगतो. त्यासाठी ब्रेक कसा लागतो ते माहीत हवं, आणि ते काही अवघड नाही. शीतलच्या गाडीला पुढच्या चाकात डिस्क ब्रेक आहे. डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी, भोकं असलेली लोखंडी थाळी. हँडलवरचा लिव्हर दाबला की नळीतल्या ब्रेक ऑइलवर दाब येतो. त्या दाबानं चाकाजवळच्या कॅलिपर नावाच्या पकडीतले दोन ब्रेक पॅड त्या थाळीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. थाळी थांबली की चाक थांबतं. मागच्या चाकात ड्रम ब्रेक. त्याचा सगळा कारभार बंद डब्यात चालतो, बाहेरून दिसत नाही. हा बंद डबा लक्षात ठेवा.

पहिल्यांदा ती आली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणाली, ब्रेक लागत नाही. माझ्याकडे सहा गाड्या रांगेत उभ्या. मी ठरवून टाकलं, ऑइलमध्ये हवा शिरली असेल. हवा शिरली की दाब पॅडपर्यंत पोचत नाही. मी हवा काढली, पॅड काढून सँडपेपरवर घासले, एक चक्कर मारली. गाडी जागच्या जागी थांबली. मी खूश.

इथं माझी पहिली चूक. हवा शिरली असेल तर लिव्हर मऊ लागतो, थेट मुठीपर्यंत येतो. हिचा लिव्हर कडक होता. ते माझ्या हाताला कळलं होतं. डोक्यानं ऐकलं नाही.

आठवड्यात ती परत आली. या वेळी पॅड उघडले तर तेलकट आणि पिवळसर. ब्रेक ऑइलही पिवळसरच असतं. मी म्हटलं, सापडला चोर. कॅलिपरचं रबरी सील गळतंय. सील बदललं, पॅड नवे टाकले, थाळी थिनरनं पुसली. पुन्हा चक्कर, पुन्हा गाडी जागच्या जागी.

दुसरी चूक पहिलीची थोरली बहीण. सील गळत असेल तर हँडलवरच्या डबीतलं ऑइल कमी व्हायला पाहिजे. त्या डबीला काचेची छोटी खिडकी असते. बघायला अर्धं मिनिट लागतं. ते अर्धं मिनिट मी वाचवलं.

त्या संध्याकाळी घरी गेलो तर बायको माझा शर्ट हातात घेऊन उभी. "अजी, घी की बास आ रई इसमें से. किधर दावत उड़ाई अकेले अकेले?"

"गॅरेज में कौन देता दावत?" मी म्हटलं.

"झूठ मत बोलो."

तीस वर्षांत माझ्या कपड्यांना ग्रीस, पेट्रोल, रबर सगळ्यांचे वास आले. तुपाचा नाही. पण जेवायची वेळ झाली होती आणि उजवा खांदा ठणकत होता. पाना फिरवून फिरवून तो खांदा त्या वर्षी असा धरला होता की हात डोक्यावर जाईना. मी ती गोष्ट तिथंच सोडून दिली.

तर तिसऱ्या वेळी, त्या शनिवारी, मी बाकीच्या गाड्या बाजूला सारल्या. आधी खिडकीत पाहिलं. ऑइल वरच्या रेघेपर्यंत भरलेलं. म्हणजे आतून थेंबही गेलेला नाही. तरी पॅड तेलकट. मग तेल येतंय कुठून?

मी थाळीच्या भोकात नख घातलं. पिवळा चिकट लगदा निघाला. नाकाजवळ नेला. तूप! तुपात हळद!

"बाई," मी शीतलला विचारलं, "घरी या गाडीले कोण हात लावते?"

"कोणीच नाई. बाबा सकाळी पुसून देते फक्त."

"सकाळी तू रोज किती वाजता निघतेस?"

"सातले."

"मी उद्या साडेसहाले येतो. आता गाडी मागच्या ब्रेकवर हळूहळू घरी ने. बाबाले काही सांगू नको."

रविवारी नव्या पॅडची जोडी, थिनर आणि पाने घेऊन मी तिच्या गावी पोचलो. शीतल अजून घरात होती. गाडी अंगणात, धुऊन पुसून लखलख. शेजारी तिचे वडील डोमाजीभाऊ उकिडवे बसले होते. हातात पितळेची वाटी, तिच्यात कोमट तूप नि हळद. पळसाचं पान वाटीत बुडवायचं आणि ब्रेकच्या थाळीवर हळूहळू फिरवायचं, असं चाललं होतं. मधूनच ते गाडीशी काहीतरी बोलतही होते.

माझं डोकं फिरलं. "अहो भाऊ! काय करून राह्यले? पोरगी मेली असती ना!"

वाटी त्यांच्या हातातून सुटली. तूप अंगणात सांडलं. शीतल धावत बाहेर आली.

"मी तं," डोमाजीभाऊ चाचरत म्हणाले, "मी तं तिचा खांदा शेकून राह्यलो."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलाचा खांदा शेकतात. वर्षभर जू वाहून खांद्याला घट्टे पडतात, तो सुजतो. म्हणून तूप-हळद लावून, पळसाच्या पानानं चोळून त्याला आराम द्यायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. डोमाजीभाऊंनी जन्मभर ते केलं. गुडघे गेले तेव्हा बैलजोडी विकली. आता घरासाठी खपत होती ती शीतलची मोटरसायकल.

"मी बैल इकले भाऊ," ते म्हणाले, "पोळा नाई इकला."

"पण इथीच काऊन लावलं?"

"बैलाचा खांदा पुढंच असते ना? हे बी पुढं. मले वाटलं सारा भार इथीच येत असन. मंग पोळा झाल्यावर गाडी ची-ची करे. खांदा दुखला का जनावर असंच कण्हते. म्हणून मी रोज लावाले लागलो."

ती ची-ची माझीच करणी. घासलेले पॅड काही दिवस वाजतात, नवेही वाजतात. ब्रेक धरू लागल्याची ती खूण होती. मी ब्रेक दुरुस्त करायचो, तो वाजायचा, म्हातारा त्याला तूप लावायचा, ब्रेक सुटायचा. आम्ही दोघं मिळून पंधरा दिवस मन लावून त्या पोरीला पाडायचं काम करत होतो. मागच्या ब्रेकपर्यंत त्यांचा हात पोचला नाही, कारण तो बंद डब्यात. नाहीतर गाय, गाडी आणि शीतल, सगळ्यांचंच कठीण होतं.

डोमाजीभाऊंनी लेकीच्या कोपराकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. "मले कोणी सांगतलंच नाई," ते म्हणाले. ते अगदी खरं होतं. दोन्ही वेळा गाडी माझ्याकडे आली आणि मी कुणाला एका शब्दानं विचारलं नव्हतं. ओरडलो त्याचं मला वाईट वाटलं आणि तसं मी त्यांना तिथंच सांगितलं.

मग आम्ही कामाला लागलो. जुने पॅड फेकले, कारण तूप प्यायलेला पॅड कितीही घासला तरी भरवशाचा नसतो. वाकलेलं हँडल सरळ केलं. थाळी आणि कॅलिपर डोमाजीभाऊंकडूनच थिनरनं साफ करून घेतले. नंतर साबणाचं पाणी. प्रत्येक भोकात काडी घालून त्यांनी हळद काढली. माझ्यापेक्षा चांगली काढली.

"भाऊ, आता आयका," मी म्हटलं. "या थाळीले तेल, तूप, ग्रीस, काहीच नाई. ही कोरडीच पाहिजे. कोरडी असली तरच पॅड तिले धरते."

"मंग तेल कोणाले?" ते जरा पडेल आवाजात म्हणाले.

मी त्यांना चेन दाखवली. "भार इथी येते. मागचं चाक हीच ओढते. हिले आठ दिवसांनी तेल द्याचं. हाच गाडीचा खांदा."

म्हाताऱ्याचा चेहरा असा खुलला की शीतल हसायला लागली. मग मी त्यांना खिडकीतली ऑइलची रेघ दाखवली. पॅडवरची खाच दाखवली. ती खाच झिजून दिसेनाशी व्हायच्या आत पॅड बदलायचे. लिव्हर मऊ लागला तर चालवायची नाही, सरळ माझ्याकडे आणायची. त्यांनी सगळं मला एकदा उलट म्हणून दाखवलं.

नवे पॅड बसेपर्यंत हळू चालवावी लागते. शीतलनं रस्त्यावर पंधरा-वीस वेळा हळूहळू ब्रेक मारले. मग मी जाऊन रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो.

"ये आता. माह्यापाशी थांबव."

"भाई, येडे झाले का?"

"दोनदा बिनधास्त पळव म्हटलं ना मी? मंग आता मीच उभा राह्यतो."

डोमाजीभाऊ लंगडत आले आणि माझ्या बाजूला उभे राहिले. "अर्धी चूक माही आहे," म्हणाले.

शीतल आली. वेग चांगला होता. खरं सांगतो, माझे पाय मागं सरकायला बघत होते, पण शेजारचा म्हातारा हलेना म्हणून मीही हललो नाही. तिनं लिव्हर दाबला, ब्रेकनं एकदा ची केलं आणि पुढचं चाक आमच्यापासून चांगलं हातभर अंतरावर थांबलं.

"कण्हली," मी म्हटलं.

"कण्हू दे," डोमाजीभाऊ म्हणाले.

सोमवारी शीतल बीटवर गेली. रेंजर साहेबांनी आधी कार्यालयासमोर स्वतः ती गाडी चालवून पाहिली आणि मला फोन केला. "काय होतं हो नेमकं?" मी म्हटलं, "साहेब, घरातल्या माणसाशी बोलायचं राहून गेलं होतं." त्यांना ते कळलं की नाही कोण जाणे. तेव्हापासून माझ्या गॅरेजात नियम आहे. गाडी आली की पाना उचलायच्या आधी विचारायचं, घरी हिच्यावर कुणाची माया आहे. लोक हसतात, पण उत्तर देतात. त्या उत्तरांतून मला एअर फिल्टरमधला अंगारा सापडलाय आणि एका टाकीत गंगाजलही.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी डोमाजीभाऊ माझ्याकडे आले. शीतलच्याच गाडीवर मागं बसून. चेन तेलानं चमकत होती, थाळी कोरडी खडखडीत. त्यांनी पिशवीतून तीच पितळेची वाटी काढली.

"भाऊ, आता काय?" मी घाबरून विचारलं.

"शर्ट काढा."

"काऊन?"

"खांदा धरला मणे तुमचा. पोरीनं सांगतलं."

भर गॅरेजात, गिऱ्हाइकांसमोर, त्यांनी माझ्या उजव्या खांद्यावर कोमट तूप-हळद लावली आणि पळसाच्या पानानं दाबून चोळली. हात तयार होता त्यांचा. मग पाठीवर थाप मारून, बैलाला सांगतात तेच मला सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

संध्याकाळी बायकोनं शर्ट हुंगला. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "आज फिर दावत?"

"दावत कल है," मी म्हटलं, "तेरे को भी बुलाया." आणि शर्ट खुंटीला लावायला उजवा हात वर केला, तर तो थेट खुंटीपर्यंत गेला.