दुसऱ्या तंबोऱ्यावरची जागा

दीक्षा बंदिशीची पहिली ओळ गायली आणि गप्प झाली. तबला चालूच होता. समोर म्युझिक सर्कलचे सेक्रेटरी आणि दोन परीक्षक. मी मागे तंबोरा छेडत बसलो होतो. मला लगेच कळलं, पोरगी कोरसची वाट बघतेय.

तिच्या वडिलांची नाहूरला भीमगीतांची पार्टी. ती तिथेच गात मोठी झाली. गायकाने ओळ सोडायची, कोरसने उचलायची, तेवढ्यात गायकाने दम घ्यायचा. ख्यालात कोरस नसतो. शाळेतल्या संगीताच्या बाईंकडे ती तीन वर्षं ख्याल शिकत होती, पण घाबरल्यावर जुनी सवय वर आली. माझीही आली. आमचे वडील गिरणीत कामाला आणि संध्याकाळी भजनी मंडळात. मी त्यांच्यामागे झांज वाजवत वाढलो. ओळ रिकामी पडलेली दिसली आणि मी ती चक्क गाऊन टाकली.

सेक्रेटरी हसले. "भजन चाललंय का इथे?"

दीक्षा पुढे छान गायली, पण निकाल मला दिसला होता. तरुण कलाकारांच्या मैफलीत अर्धा तास मिळाला तर गाणं चालू ठेवायचं, नाहीतर जूनपासून मॉलमध्ये बिलिंगला बसायचं, असं तिच्या घरी ठरलं होतं.

मुलुंडला माझं तंबोऱ्यांचं दुकान आहे. दुरुस्ती करतो, भाड्याने देतो. दीक्षाच्या शाळेतल्या बाई तंबोरे माझ्याकडूनच न्यायच्या, त्यांच्या सांगण्यावरून मी तिच्यामागे बसलो होतो. खरं काम जवारीचं. तारा ज्या पट्टीवरून जातात ती घासून अशी करायची, की तार नुसती वाजता कामा नये, गुंजली पाहिजे. गाणं शिकायला कुणी घेतलं नाही म्हणून मी हे शिकलो. विशीत याच सर्कलचा फॉर्म भरला होता. गुरूच्या रकान्यात वडिलांच्या मंडळाचं नाव लिहिलं. फॉर्म टेबलावरूनच परत आला. ते मी विसरलेलो नाही.

दीक्षाला बाहेर पाठवून मी सेक्रेटरींना गाठलं.

"मुलीला सूर आहे," ते म्हणाले. "पण घराणं कोणतं? लोक विचारतात हो."

"लोक नाही विचारत. तुम्ही विचारता."

"आवाज चढवू नका."

"रविवारी तंबोरे कुणाचे लागणार आहेत?"

रविवारी चेंबूरच्या एक मोठ्या गायिका येणार होत्या. त्यांना माझ्याच हातची जवारी चालायची.

"धमकी देताय?"

"सौदा करतोय. अर्धा तास द्या हिला."

"शक्य नाही."

"मग रविवारी दुसऱ्या तंबोऱ्यावर ही बसेल."

चेंबूरच्या बाईंबरोबर एकच शिष्या येणार होती, दुसरी जागा सर्कलने भरायची होती. एवढ्यावर सुटका होतेय म्हणून ते लगेच हो म्हणाले. मी आधीपासून हाच डाव टाकला होता, असं पुढे लोकांना सांगत आलो. खरं तर चिडून तोंडाला आलं ते बोललो होतो.

रविवारची मैफल ज्या शाळेच्या हॉलमध्ये झाली, तो हॉल आता नाही, तिथे टॉवर झालाय. गाणं सुरू होताना पंखे बंद व्हायचे, वाऱ्याने तारा उतरतात म्हणून. माणसं घामाघूम होऊन ऐकायची. हलायची नाहीत. तसं ऐकणं पुन्हा दिसलं नाही.

मी दीक्षाला बजावलं होतं, "तोंड उघडायचं नाही." मध्येच बाईंनी ओळ अर्ध्यावर सोडून पाण्याचा पेला उचलला. त्यांची शिष्या गोंधळली. दीक्षाने ती ओळ अलगद उचलली आणि समेवर ठेवली. बाईंनी मागे वळून बघितलं. मी डोळेच मिटून घेतले.

नंतर बाईंनी तिला बोलावलं. "कुणाकडे शिकतेस गं?"

"शाळेतल्या बाईंकडे. आणि पप्पांच्या पार्टीत."

"तरीच. सोमवारपासून चेंबूरला ये."

आज दीक्षा गावोगावी मैफली करते. सर्कलच्या स्मरणिकेत तिचा फोटो छापलाय, 'आमच्या सर्कलने घडवलेली गायिका' म्हणून. वाचून डोकं फिरलं, फोनही उचलला. मग ठेवला. आधी मुलीचं काम होऊ द्यावं, भांडण मागाहून काढावं. उलट केलं की दोन्ही जातात. तिचं काम तर झालंय. भांडायला मी आता मोकळाच आहे.