निवृत्तीचं श्रीखंड

मी फुटबॉलमधून आतापर्यंत दोनदा निवृत्त झालोय आणि दोन्ही वेळा बायकोने श्रीखंड केलं. दोन्ही वेळा ते वाटी पुसून खाल्लं आणि पुढच्या आठवड्यात मी पुन्हा मैदानावर हजर. तिसऱ्यांदा विषय काढला तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, "आधी निवृत्त व्हा, मग दही टांगते."

फुटबॉलनेच मला रेल्वेत नोकरी दिली. प्रतापनगरच्या मैदानावर मी स्टार होतो, म्हणजे कँटीनमध्ये माझ्या चहात न सांगता आलं पडायचं. बडोद्यात क्रिकेट सोडून कशाला कोण विचारतंय, त्यामुळे तेवढ्यानेही माझ्या डोक्यात हवा गेली. आता जिना उतरताना गुडघे कुरकुरतात. हल्ली मी ऑफसाइड सापडतो तो पुढे पळालो म्हणून नव्हे, मागे यायचा कंटाळा केला म्हणून. आमचा कोच माझ्यापेक्षा लहान. त्याला मला 'पुरे' म्हणायचा संकोच वाटतो आणि मी काही आपणहून समजून घेत नाही.

माझी अट एकच होती. जायचं तर गोल मारून, पोरांनी खांद्यावर उचलून घेतलेलं असताना. हे सांगितलं तर बायको माझ्या पोटाकडे बघून म्हणाली, "अहो, त्यांना अजून नोकऱ्या करायच्यात."

गेल्या हिवाळ्यात कॉलेजच्या संघाशी सामना होता. तो गोल अगदी समोर आला. चेंडू पायाशी, गोलकीपर आडवा पडलेला, मध्ये फक्त एक पोरगा. मी त्याला डावीकडे चकवलं, निदान माझी तशी समजूत आहे, आणि माझाच गुडघा उजवीकडे गेला. आता तोंडावर आपटणार, तेवढ्यात त्या पोराने चेंडू सोडला आणि मला धरलं. दोन्ही हातांनी, घरातल्या म्हातारबुवांना न्हाणीतून आणतात तसं.

"काका, वाग्युं नथी ने?" लागलं नाही ना, असं अगदी मनापासून विचारत होता. चेंडू आमच्या शेजारून सावकाश बाहेर गेला.

आयुष्यभर बचाव करणाऱ्यांनी मला लाथा घातल्या, शर्ट ओढले, कोपरं मारली. एकाने पुढचा दात पाडला, तो किस्सा मी अजून पाहुण्यांना ऐकवतो. आणि या पोराने मला साधं ढकललंसुद्धा नाही. दात पडला तेव्हाही इतकं वाईट वाटलं नव्हतं. मी कोचला बदली खेळाडू पाठवायची खूण केली, बूट काढले आणि मोज्यांवरच स्कूटरपर्यंत चालत गेलो.

घरी बायकोने लंगडणं पाहिलं. "लागलं का कुठे?"

"नाही," मी म्हणालो. "त्याने लागूच दिलं नाही."

तिने फडकं काढलं आणि दही बांधायला घेतलं.