बोट कुठे आहे ते यंत्राला विचारायचं

माझा मुलगा श्रीमंतांच्या शिडाच्या बोटी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नेऊन देतो. मालक विमानाने जातो, बोट हा नेतो. गेल्या वर्षी गोव्याहून मालदीवला निघाला तेव्हा बोटीवर दोघेच होते, हा आणि तांडेल, म्हणजे मुख्य खलाशी. भर समुद्रात फोन लागत नाही. एक बारकं यंत्र असतं, त्यातून थोडी अक्षरं जातात, थोडी येतात, बस.

जाण्याआधी त्याने मला विक्रोळीच्या घरात बसवून शिकवलं.

"आई, मला मेल करायचा नाही. कसा आहेस, कुठे आहेस, काही विचारायचं नाही. त्यात बॅटरी संपते. या पत्त्यावर मेल टाक. तिथे माणूस नाही, कॉम्प्युटर आहे. ही एक ओळ लिहिलीस की मी शेवटी कुठे होतो ते तो कळवतो."

"त्याला कोण सांगतं?"

"मी. रोज दुपारी बटण दाबतो, माझी जागा त्याच्याकडे जाते."

ओळ इंग्रजी होती, तीन शब्दांची. मी चौथी शिकलेली. इंग्रजी वाचता येत नाही, पण अक्षर बघून त्याच्यासारखं अक्षर फोनवर शोधता येतं. उत्तरात तारीख आणि दोन आकडे यायचे. पहिला आकडा उतरत गेला की बोट नकाशात खाली, दक्षिणेला चालली आहे, असं सुनेने सांगितलं होतं. पंधरा, तेरा, अकरा. मी कॅलेंडरवर लिहून ठेवत होते.

मग आठ आला आणि तिथेच थांबला. दुसऱ्या दिवशी तोच आकडा, तारीखही कालचीच. टीव्हीवर सांगत होते, समुद्र खवळलाय. तिसऱ्या दिवशीही तेच.  मी सकाळपासून चार वेळा तीच ओळ पाठवली.

दुपारी डोक्यात आलं, आपण रोज नुसता हुकूम सोडतो. आमच्या घरात साधी किराणाची यादीसुद्धा वर 'श्री' लिहिल्याशिवाय होत नाही, आणि पोराची खबर विचारताना मी ते विसरले. म्हणून कीबोर्ड मराठी करून पहिल्या ओळीत 'श्री' लिहिलं, खाली ती ओळ लिहिली, नमस्कार करून पाठवलं.

उत्तर लगेच आलं. आकडे नव्हते. इंग्रजीत चार ओळी होत्या.

मला वाटलं, संपलं. एवढं लांब कोण कशाला लिहील? खालीच बसले आणि मरोळला कारखान्यात कामावर असलेल्या सुनेला फोन लावला. तिने तो मेल आपल्याकडे मागवून वाचला.

"आई, तुम्ही वर काय लिहिलंत?"

"श्री."

"अहो, ते मशीन आहे! पहिली ओळ म्हणजे हुकूम. त्याला श्री नावाचा हुकूम माहीत नाही, एवढंच लिहिलंय."

"मग नीट सांगायचं ना. जीव गेला माझा."

ती हसली नाही. आकडा अडकलाय हे तिलाही ठाऊक होतं. म्हणाली, "त्याच पत्त्यावर वारा पण विचारता येतो. थांबा, मी विचारते." थोड्या वेळाने तिचा फोन आला.

"पस्तीस."

"म्हणजे किती गं?"

"पत्रे उडतील एवढा."

 तिच्या मागे कारखान्यातली मशीन चालू होती, ती तेवढी ऐकू येत होती.

चौथ्या दिवशी आकडा बदलला. नऊ. सून म्हणाली, "चला, बटण दाबलं!" मी म्हटलं, "खाली जायची ती बोट वर कशी आली? वाहून आली? आणि बोटीवर दोघं आहेत. बटण कोणी दाबलं, हे आकड्यात कुठे लिहिलंय?" ती म्हणाली, "आई, तुम्ही पण ना!" आणि तिने फोन ठेवला. तिला राग आला होता, कारण ते तिच्याही मनात आलं होतं.

सहाव्या दिवशी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. कोचीहून. "आई, मी." तांडेलचा पाय मोडला होता, म्हणून बोट मागे वळवून हा एकटा घेऊन आला. बोटीवरच्या यंत्रात पाणी गेलं होतं, ते एकदाच कसंबसं चाललं. घाईघाईत एवढंच सांगून त्याने ठेवलं. आवाज घोगरा होता, ओरडून ओरडून बसल्यासारखा.

फोन ठेवला आणि मी मेलच्या पत्त्यावर ती ओळ पाठवली. उत्तर आलं, नऊ. दोन दिवसांपूर्वीची तारीख, म्हणजे बोट अजून समुद्रातच.

मी सुनेला फोन केला. म्हटलं, "कोचीहून फोन आला होता, नंबर देते. तो लाव आणि तू बोल त्याच्याशी. मला सांग, तोच आहे का."