नाल्यापलीकडे येऊन गेलेला शेट

भूतखेत, चकवा, झपाटणं यांवर माझा काडीचा विश्वास नाही. यात शौर्य वगैरे काही नाही... मी जात्याच इतका भित्रा, की असलं काही खरं मानलं तर अंधार पडल्यावर परसात जाणं बंद होईल. म्हणून न मानणंच सोयीचं. पुढचं वाचून म्हातारा फेकतोय असं वाटलं तर खुशाल वाटू द्या. पण फेकणारा माणूस स्वतःला जरा बरा दाखवतो, एवढं लक्षात असू द्या.

सत्तरच्या दशकाचा मधला काळ. वाशिम जिल्हा व्हायला अजून बराच वेळ होता, आम्ही अकोल्यात मोडायचो. मी मंगरूळपीरकडच्या एका सरकारी दवाखान्यात ड्रेसर — म्हणजे जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा. आम्ही जैन, घरचं किराणा दुकान. पण मी दुकानात बसलो की गिऱ्हाईक खूश आणि वडील आजारी, असं व्हायला लागलं. म्हणून मला नोकरीला लावलं. तरी सगळे म्हणायचे शेटच.

खेड्यांत घरोघरी जाऊन पेशंट बघायला आमच्याकडे दोन नर्सबाई होत्या. एकीची बदली झाली आणि तिच्या जागी कोणी आलंच नाही. दुसरी बाळंतपणाला माहेरी गेली. डॉक्टरांनी दोघींचीही गावं माझ्या सायकलला बांधली. मी म्हटलं, "साहेब, मी एकटा." ते म्हणाले, "मग मी किती आहे?"

त्या गावांतली एक वस्ती सगळ्यात अवघड. मानोऱ्याच्या रस्त्यावर एका फाट्यापर्यंत सायकल, पुढे कपाशीच्या पऱ्हाटीतून पायवाट, मग नाला. पूल नाही. पलीकडे बौद्धांची दहा-बारा घरं. तिथल्या भागाबाईच्या नडगीवरून बैलगाडीचं चाक गेलेलं. हाड वाचलं, पण जखम पसरत होती. तिला दवाखान्यात आणायचं तर तोच नाला, तेच हिसके. डॉक्टर म्हणाले, "दिवसाआड पट्टी झाली तर पाय राहील. नाही तर अकोल्याला नेऊन कापावा लागेल."

मी जायला लागलो. पट्टी झाली की तिचा मुलगा देवराव चहाचा कप पुढे करी आणि मी म्हणे, "आज माझा उपास आहे." जैनांना उपासांची कमी नाही, त्यामुळे कोणी शंका घेत नसे. खरं कारण तुम्ही ओळखलंच असेल. त्या घरच्या कपाला मला तोंड लावायचं नव्हतं. हे मी तेव्हा स्वतःशीसुद्धा असं सरळ बोलत नव्हतो. उपास म्हटलं की कसं... सगळ्यांची अब्रू राहते.

मग श्रावणात झड लागली. नाला फुगला. मी एकदा काठापर्यंत गेलो, गढूळ पाणी पाहिलं आणि मुकाट्यानं परत फिरलो. त्यातच दुसऱ्या अंगाच्या गावांत हगवण सुरू झाली, तिकडे जुंपला गेलो. माझ्याऐवजी नाल्यापलीकडे पाठवायला दुसरं माणूसच नव्हतं. रोज दवाखान्यात येणाऱ्याचं तोंड बघायचो — हाच का तो, भागाबाईचा पाय गेल्याची बातमी आणणारा?

झड उघडली तसा निघालो. वाटभर सबबी घोकत गेलो. दारातच देवराव.

"जयभीम शेट! परवाच तं येऊन गेले, आज फिरून?"

मला वाटलं, टोमणा. आमच्या वऱ्हाडात टोमणा असाच हसत मारतात. मी मान खाली घातली. "चुकलं बाप्पा. पण नाल्याले पूर..."

"थेच तं म्हनून राह्यलो मी! नाल्याले एवढा पूर, आन् तुमचा पायजमा कोरडा ठन्न. माय मले म्हने, शेट का उडत आले का रे?"

आतून भागाबाईचा आवाज आला, "देवराव, त्यायले उभं काहून ठेवलं? बसू दे ना."

हा टोमणा जरा लांबतोय, असं वाटत होतं. मी खाली बसलो आणि श्वास रोखून पट्टी सोडायला घेतली, कारण वास येणार हे ठरलेलं. वास नाही. पट्टी ताजी, पांढरी. आणि वेढे उलटे. मी डावखुरा, माझे वेढे उलटे पडतात म्हणून दवाखान्यात माझी रोज टिंगल व्हायची. आत जखम गुलाबी, कडेनं नवी कातडी धरलेली.

"ही पट्टी कोणी बांधली?"

भागाबाई हसली. "आता पाहा! इसरला का लेका? तूच नाही का बांधली?"

"मी?"

"नाही तं का माह्या आज्यानं? पानी गाळलं, उकळलं, पाय धुतला. आन् गाळन्यावर राह्यलेलं पानी हिरीवर नेऊन हिरीतच सोडलं. म्या म्हटलं, कायले रे बाबू? तं म्हने, माय, त्याच्यातल्या जीवायचं घर थेच हाय."

आमच्या जैन घरांत पाणी फडक्यातून गाळतात आणि फडक्यावर राहिलेले बारीक जीव ज्या विहिरीचे त्याच विहिरीत परत सोडतात. जिवाणी म्हणतात त्याला. माझी आई करायची. मी मात्र लोक हसतील म्हणून घराबाहेर ते कधीच केलं नव्हतं. त्या वस्तीत तर शपथेवर नाही! मग हे भागाबाईला कोणी सांगितलं?

तेवढ्यात देवरावनं चहा आणला. माझी जीभ सवयीनं वळली, "आज माझा उपास..."

"घ्या!" देवराव आईकडे बघून म्हणाला. "परवा दोन कप प्याले, बशीत ओतून, फुर्र फुर्र. म्हने आद्रक टाकत जाय. आज टाकलं तं उपास!"

दोघं मायलेक मनापासून हसत होते. त्यांच्या हसण्यात टोमणा नव्हता, हेच वाईट. माझ्या नावानं कोणीतरी इथं येऊन गेलं होतं आणि प्रत्येक गोष्ट माझ्यापेक्षा बरी करून गेलं होतं... मी कप उचलला. चहा चांगला होता. दुसरा कप मागायची मात्र हिंमत झाली नाही.

"तो मी नव्हतो" हे तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर 'मग इतके दिवस तुमी कुठं होते?' हा प्रश्न आला असता. नंतर आसपासच्या दवाखान्यांत हळूच चौकशी केली. तिकडेही जागा रिकाम्या. डावखुरा ड्रेसर सोडाच, उजवासुद्धा शिल्लक नव्हता.

पाय वाचला. पोळ्यानंतर एका बाजाराच्या दिवशी भागाबाई काठी टेकत, स्वतःच्या पायांनी दवाखान्यात आली. वस्तीवरून कानावर आलं होतं, म्हणून डॉक्टरांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. "भर पुरात नाला ओलांडून जात होता हा!" मी पाठ थोपटून घेतली. वर नम्रपणे खालीही पाहिलं, म्हणजे बघा.

म्हातारीनं पदराखालून भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं काढलं. मी दोन्ही हात पुढे केले. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं... बराच वेळ पाहिलं. मग गाठोडं पुन्हा छातीशी धरलं.

"तुमी नाही बाबू. थे दुसरे शेट कुठी हायत?"

"कोण दुसरे?"

"दिसाले तुमच्यासारकेच हायत. पन थे आले का पहिले माह्याजवळ बसत, मंग पेटी उघडत." आणि मग समजूत घातल्यासारखं हळूच म्हणाली, "तुमी बी वाईट नाही. पन थे निराळे."

डॉक्टर हसले. वय झालंय म्हणाले. भागाबाईनं गाठोडं बाकावर ठेवलं, "आले तं त्यायले देजा" म्हणाली आणि काठी टेकत निघून गेली.

गाठोडं दोन दिवस तसंच होतं. मग शिपायांनी शेंगा वाटून खाल्ल्या. मला आग्रह झाला, मी हात लावला नाही. त्या पुरात पलीकडे कोण गेलं, डाव्या हातानं पट्टी कोणी बांधली, मला आजही ठाऊक नाही. कोणी बुद्धिवादी वाचक उलगडा करून देणार असेल तर उपकार होतील. फक्त तो मीच होतो, असं कृपा करून म्हणू नका. त्या बाईनं माझं तोंड नीट पाहून नाही म्हटलं आहे.